काकूंचं तेलाचं माप

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे मी आणि माझी ऑफिसातली एक मैत्रीण ससून डॉकला मासळी आणायला गेलो होतो. ती मूळची विदर्भातली, मुंबईत येऊन दोन वर्षं झालेली, आणि डॉक तिने कधी पाहिलाच नव्हता. पाच वाजले होते. बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, दिव्यांखाली चमकणारी पापलेटं, ओल्या फरशीवर उकिडव्या बसून झरझर कोळंबी सोलणाऱ्या बायका, आणि घरी जाऊन दोनदा आंघोळ केली तरी केसांत राहणारा तो वास. तिला सगळं फार आवडलं. परतताना आमची टॅक्सी जे. जे.चा पूल उतरून भायखळ्याकडे निघाली, तेव्हा रस्त्यालगतची ती निळी इमारत दिसली, वर घड्याळाचा मनोरा असलेली. "हे चर्च का गं?" तिने विचारलं. म्हटलं, "सिनेगॉग. ज्यू लोकांचं. डेव्हिड ससूनने बांधलेलं." "म्हणजे आपल्या डॉकवाला?" "डॉक त्याच्या मुलाने बांधला." ती खिडकीतून मागे वळून बघत राहिली आणि अगदी सहज म्हणाली, "ज्यू लोकांचं बरं असतं बाई. जातील तिथे पैसा." मी नुसतं "हं" म्हटलं. मांडीवरच्या पिशवीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, ते टॅक्सीत सांडू नये म्हणून मी पिशवी सावरत बसले.

ते 'हं' मला आठवडाभर टोचत राहिलं.

कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ससून नव्हतेच. ठाण्याच्या आमच्या चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. टेंभी नाक्यापासून पाच मिनिटांवर आमची चाळ. काकूंचं आडनाव 'कर'ने संपणारं, गाव पेणजवळचं, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल कोकणी वळणाचं. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला बोटाएवढी धातूची नळी तिरकी ठोकलेली असे. आत-बाहेर करताना घरातलं प्रत्येक जण तिला हात लावून ते बोट ओठांना टेकवायचं. त्यांच्या सासूबाई नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, कपाळ मात्र मोकळं. शुक्रवारी सूर्य कलला की काकू काचेच्या पेल्यात पाणी घेत, वर खोबरेल ओतत, वात तरंगत ठेवत आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून पुटपुटत. मी दारात उभी राहून बघायचे. तापल्या खोबरेलाचा तो मंद गोडसर वास मला आजही शुक्रवारचाच वाटतो.

काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, काकू एका दवाखान्यात नर्स. दीड खोलीत सासूबाई धरून सहा माणसं. महिन्याच्या पंचविशीनंतर वाटीभर साखर खालून वर यायची, नाहीतर वरून खाली जायची. ज्याच्याकडे उरली असेल त्याच्याकडून. थोरल्या मुलाचा शर्ट धाकट्याला, त्याच्या खिशाचं कापड उसवून त्याच शर्टाच्या कोपराला ठिगळ. आई सुरमई तळायची तेव्हा त्यांच्याकडे बशी जायची, कोळंबी केली की नाही जायची. "खवल्याचा मासा असला तरच दे गं," असं काकूंनी एकदा सांगून ठेवलेलं, आणि आई ते कधीच विसरली नाही. त्यांच्याकडून मलिदा यायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, खजुराचे तुकडे, केळ्याच्या चकत्या. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडला की पोरांना द्रोण भरभरून. आम्हाला तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखाच वाटायचा आणि त्यांनाही आम्हाला तसं वाटलेलं चालायचं.

पैसा? तो कुठे होता त्या घरात? मी आठवून आठवून बघते. फडताळातल्या एका पत्र्याच्या डब्यात पावत्या असायच्या, शाळेच्या फीच्या.

काकूंच्या पूर्वजांची गोष्ट अलिबागकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ते किती शतकांपूर्वी घडलं यावर विद्वान भांडोत. मला त्या गोष्टीतला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो : किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. पोथ्यासुद्धा समुद्रात गेल्या. मग गावांनी त्यांना जे काम दिलं ते त्यांनी धरलं, तेल गाळण्याचं. किहीम, झिराड, रोहा, पेण, चौल, जिथे राहिले त्या गावाला 'कर' जोडून आडनाव घेतलं : किहीमकर, झिराडकर, रोहेकर, चेऊलकर. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. काकू सांगायच्या, आजोबांचा बैल शुक्रवारी संध्याकाळी आपणहून घाण्याभोवती फिरायचा थांबायचा, त्याला कळायचं. आता मोठेपणी मी त्याचा हिशोब करते. ज्या कामात रोज गाळावं तेव्हा रोज विकावं, त्यात सातातला एक दिवस हे लोक कमाई सोडून देत होते, आणि शेजारचा दुसरा तेली त्या दिवशी त्यांचं गिऱ्हाईक घेत असणार. पिढ्यान्‌पिढ्या. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या, एक 'शेमा' तेवढी तोंडात राहिली, पण शनिवार सुटला नाही. गरीब माणसाने रोकड मोजून विकत घेतलेली ती सुट्टी होती.

इंग्रजांची मुंबई वाढू लागली तशी अठराव्या शतकात ही मंडळी घाणे सोडून तिकडे निघाली. त्यांना व्यापार करायला भांडवल नव्हतं, म्हणून त्यांनी पगार शोधला. सुतारकाम, गवंडीकाम आणि सगळ्यात जास्त कंपनीची पलटण. महिन्याच्या महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत ते पोचले. त्यांच्यातल्याच सॅम्युअल एझेकिएल दिवेकर नावाच्या लष्करी माणसाने 1796 मध्ये मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव तिथूनच आलं असं काकांचं ठाम म्हणणं होतं. लोकल त्या स्टेशनात शिरली की ते आम्हाला कोपराने ढोसायचे, "हे आमचं स्टेशन बरं का." पुढे पलटणीतली वाट अरुंद झाली. पण तोवर मिशनच्या शाळांमधून मराठी आणि इंग्रजी हातात आलं होतं. मग रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळं, शाळा. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली, आणि घराघरांतून मुलींनासुद्धा तिथे घातलं गेलं. या समाजातून डॉ. ई. मोझेस निघाले, 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना त्यांच्या नावाचा रस्ता लागतो. डॉ. जेरूशा झिराड निघाल्या, ज्यांनी कामा हॉस्पिटलात किती बायकांची बाळंतपणं सुखरूप केली असतील त्याची गणतीच नाही. पण गिरणी कुणाची नाही, पेढी कुणाची नाही. मोठं झालेलं प्रत्येक माणूस पगारावर नाहीतर प्रॅक्टिसवर मोठं झालेलं.

ससून मुंबईत आले 1832 मध्ये. तेही पळून आलेले होते, हे आपण विसरतो. डेव्हिड ससून यांचे वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार. तिथे छळ सुरू झाला तेव्हा घर इराणच्या बुशहरला पळालं आणि तिथून मुंबईत आलं. म्हणजे समुद्राने आलेले हेही आणि तेही, छळापासून पळालेले हेही आणि कदाचित तेही. फरक असा की ससूनांचं गलबत फुटलं नाही. त्यांच्याबरोबर जे आलं ते नुसतं नाणं नव्हतं. बगदाद, बसरा, बुशहर इथली ओळखीची घरं आली, हुंडी कुणाच्या नावावर वटेल ते ठाऊक असणं आलं, अरबी-फारसी-तुर्की आली. आणि वेळ अशी की वर्षभरातच कायदा होऊन चीनच्या व्यापारावरची कंपनीची मक्तेदारी गेली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागली होती. डेव्हिड ससूनने 1844 मध्ये एका मुलाला चीनला पाठवलं, मग एकेका बंदरात एकेक मुलगा बसवला. अमेरिकेतलं यादवी युद्ध लागलं तेव्हा मँचेस्टरला कापूस हवा होता, तो मुंबईत होता. त्यानंतर गोदी, गिरण्या, वाचनालय, पुण्यातलं इस्पितळ, तिथलं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग. दोन्ही समाजांना शनिवार होता. पण ज्याची हुंडी समुद्रावरून फिरते आहे त्याचा शनिवार वेगळा आणि ज्याचा बैल दावणीला उभा आहे त्याचा वेगळा.

या पैशाबद्दल मला नीट एक मत कधी करता आलेलं नाही. माझ्या बाबांचा मोडलेला पाय पुण्याला ससूनमध्येच जोडला गेला. तेव्हा आमच्याकडे दुसरीकडे जायला पैसे नव्हते, आणि बाबा त्या पायावर पुढे तीस वर्षं चालले. त्या इमारतीच्या दगडात चीनमधल्या किती घरांची राख आहे हे मला नंतर वाचून कळलं. कळल्यावरही बाबांचा पाय तर खरा होता. मी दोन्ही गोष्टी बरोबर बाळगते. एकीने दुसरी पुसली जात नाही.

आणि मग ती भिंत. 1836 मध्ये, म्हणजे ससूनांना मुंबईत येऊन चार-पाच वर्षं होत होती तेव्हा, बगदादी, म्हणजे ससूनांसारख्या तिकडून आलेल्या ज्यू मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की ज्यूंच्या दफनभूमीत बेने इस्राएलांच्या आणि आमच्या कबरींमध्ये भिंत घालावी. ज्यांच्या शेजारी आपल्या माणसांना पुरलं होतं, त्यांच्यापासूनच वेगळं व्हायचं होतं. कारण काय, तर यांचे विधी शुद्ध नाहीत, यांचं कूळ शुद्ध आहे की नाही कुणास ठाऊक, हे इथल्या लोकांसारखे दिसतात, इथल्यासारखेच राहतात. धर्माची भाषा होती, पण इंग्रजांच्या शेजारी बसू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला काळा तेली भाऊबंद म्हणून परवडणारा नव्हता, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, पण ते पक्कं आहे. काकूंच्या आजोबांना एका सिनेगॉगमध्ये प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजलं नव्हतं. नऊ जण हजर होते, हे दहावे. तरी सगळे कुणीतरी येईल म्हणून थांबून राहिले. कुठल्या सिनेगॉगमध्ये ते काकूंनी कधी सांगितलं नाही. "आता काय करायचंय नाव घेऊन," एवढंच म्हणायच्या आणि हातातली भाजी जरा जोरात चिरायच्या.

दहावा माणूस समोर उभा आहे आणि नऊ जण दहाव्याची वाट बघताहेत. हे दृश्य मला कधी विसरता आलेलं नाही.

आणि तरीही काकू ज्या शाळेत शिकल्या, तिच्यावर नाव एका बगदादी ज्यूचं. केहिमकरांच्या त्याच शाळेला पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीने माझगावला हक्काची इमारत मिळाली. कदूरी बगदादचे, ससूनांच्या पेढीत कारकून म्हणून लागले आणि हाँगकाँग-शांघायला जाऊन धनाढ्य झाले. उलट बाजूनेही घडलं. डेव्हिड ससूनने बगदादी मुलांसाठी काढलेल्या शाळेचे हेडमास्तर बरीच वर्षं जोसेफ एझेकिएल राजपूरकर होते, बेने इस्राएल, ज्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे त्यांच्या पोरांना हिब्रू शिकवायला तेल्याचा नातू चालत होता. काकूंना हे सगळं माहीत होतं. शाळेबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मुख्याध्यापिका रिबेका रुबेन यांच्या आठवणी त्यांनी थोरल्या बहिणीकडून ऐकलेल्या, त्या आपल्याच असल्यासारख्या सांगायच्या.

खूप उशिरा, चाळिशीनंतर, मला आणखी एक गोष्ट उमगली. भायखळा-नागपाड्याच्या बगदादी वस्तीत ससूनांसारखे किती होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे त्यांच्या गिरण्यांत, पेढ्यांत कारकून, छोटे दुकानदार, फेरीवाले, आणि पुष्कळसे ट्रस्टच्या खोल्यांत, ट्रस्टच्या मदतीवर जगणारे. मुलांना शाळेत जेवण मिळतं म्हणून शाळेत घालणारे. त्यांच्यातली म्हातारी विधवा ट्रस्टच्या दारात महिन्याच्या रकमेसाठी उभी राहत असेल तेव्हा तिच्याकडे बघूनही कुणीतरी म्हणत असेल, यांचं काय, ससूनांचे लोक. एका घराची श्रीमंती सगळ्या जमातीच्या नावावर लागली. बेने इस्राएलांत तसं शिखर नव्हतंच. सुभेदाराच्या पेन्शनपासून नर्सच्या पगारापर्यंत सगळे एका सपाटीवर, कुणी फार उपाशी नाही, कुणी कुणाचा आश्रित नाही. काकूंच्या घरी कधी कुठल्या ट्रस्टचा चेक आला नाही. मला त्या सपाटीचा अभिमान वाटतो, जणू ती माझी असल्यासारखा. पण काकांना ती पुरत नव्हती, हेही मी पाहिलं आहे. संध्याकाळी ते गॅलरीत बसून बोटांवर काहीतरी मोजत असायचे, मुलांची शिक्षणं, खोली, पेन्शनला राहिलेली वर्षं.

गेले दोन्ही समाज. ससूनांचा पैसा आधी गेला, कारण त्याला पाय होते. घरातले कर्ते लंडनला स्थिरावले. व्हिक्टर ससूनने 1920 नंतर हळूहळू मुंबईतून अंग काढून शांघायला हॉटेलं आणि इमारती उभ्या केल्या, आणि 1949 नंतर तेही सगळं हातचं गेलं. मागे राहिलेले साधे बगदादी लंडन, सिडनी, जमेल तिथे पांगले. बेने इस्राएल स्वातंत्र्याच्या सुमारास 20 हजारांच्या आसपास होते. त्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथेही तीच भिंत पुन्हा उभी राहिली. लग्न लावायचं तर आधी यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी करा, असा धर्मपीठाचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध हे लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले आणि 1964 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. दीमोना, बीरशेबा, लोद, अशदोद, या गावांत कारखाने होते, कामगार हवे होते. म्हणजे पुन्हा पगारच.

काकूंचं घर 1984 मध्ये गेलं. जायच्या आधी पंधरा दिवस त्यांच्याकडचं सामान चाळीत वाटलं जात होतं. पाट, घमेलं, शिलाई मशीन. शेवटच्या रात्री काकू वर आल्या आणि आईच्या हातात एक पितळी माप ठेवलं. पावशेराचं, उभ्या दांड्याचं, दांड्याचं टोक बाकदार, पिंपाच्या काठाला अडकवून ठेवण्यासाठी. काठाला एक खोच पडलेली. तळाशी दोन अक्षरं कोरलेली, अर्धी झिजून गेलेली. आजोबांच्या घाण्यावरचं. "तिकडे विमानात वजन मोजतात," काकू म्हणाल्या, "आणि तिकडे याचं काय करू?" आई म्हणाली, राहू दे माझ्याकडे, परत आलात की न्या. दोघींनाही ठाऊक होतं. काकूंनी त्याच्या आतून बोट फिरवलं आणि हुंगलं. मीही नंतर हुंगून पाहिलं. चिंच लावून कितीदा घासलं असेल, तरी पत्र्याच्या सांध्यात तेलाचा जुनाट वास होता. अजून आहे. पत्रं यायची मराठीत, निळ्या आंतरदेशीयाऐवजी पातळ विमानी कागदावर. मुलगा कारखान्यात लागला, सुनेचं नाव उच्चारता येत नाही, ओला नारळ मिळत नाही म्हणून मलिद्यात सुकं खोबरं घालते.

भायखळ्याचं ते निळं सिनेगॉग आणि काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू अजून उघडी आहेत. बगदादी मुंबईत जवळजवळ उरलेच नाहीत. शब्बाथला दहा पुरुष जमवायचे तर ठाण्याहून, कुर्ल्याहून पेणकर-किहीमकरच यावे लागतात. हे कळलं त्या दिवशी मला काकूंना फोन करावासा वाटला होता, पण काकू तोवर नव्हत्या.

परवाच्या रविवारी मैत्रीण जेवायला आली. आम्ही पुन्हा पहाटे डॉकवर जाऊन आलो होतो. रावस मिळाला होता, चांगला खवल्याचा. ओट्याशी उभी राहून ती तांदळाच्या पिठात तुकड्या घोळवत होती. मी फडताळातून माप काढलं, डब्यात बुडवलं आणि कढईत तेल सोडलं. "केवढं जड आहे," ती म्हणाली आणि दांडा हातात घेऊन तळ वळवून बघू लागली. "काय लिहिलंय गं यावर? कुणाचं आहे हे?"

गॅस मी बारीक केला. म्हटलं, "बस, सांगते. परवा टॅक्सीतच सांगायला हवं होतं."